चाळीस जावयांच्या सासूबाई

पहिल्याच भेटीत मी त्यांच्या ड्रायव्हरला साहेब समजलो.

चूक म्हटली तर छोटीशीच होती. विमा कंपनीचे विकास अधिकारी रविवारी सकाळी घरी येणार, असा निरोप होता. सिंदी मेघेतल्या आमच्या घरासमोर पांढरी गाडी थांबली. पुढून एक उंच गृहस्थ उतरले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. मागून एक बाई उतरल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला बियाण्याच्या दुकानातून मिळते तसली पिशवी. मी दोन पेनांना नमस्कार केला. त्यांना सोफ्यावर बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि बाईंना म्हणालो, "ताई, तुम्ही आत बसा ना. बायको आहे स्वयंपाकघरात."

"बरं," म्हणून बाई आत गेल्या.

पुढची वीस मिनिटं मी साहेबांना माझा बेत समजावून सांगितला. मी शाळेत लिपिक. नोकरीत असल्यामुळे मला एजन्सी घेता येत नव्हती. तेव्हा ती बायकोच्या नावाने घ्यायची आणि काम मी करायचं. आमच्याकडे अशा एजन्स्या पुष्कळ असतात. "नाव तिचं, डोकं माझं," मी म्हणालो. साहेब म्हणाले, "बरोबर आहे." मी म्हणालो, "तिला चार लोकांत बोलायला जमत नाही." साहेब म्हणाले, "बरोबर आहे." इतका समजूतदार अधिकारी मी तोवर पाहिला नव्हता.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमची स्टीलची वाटी होती आणि वाटीत आंब्याचं लोणचं. दारातून वळून त्या बायकोला म्हणाल्या, "उद्या रिकामी आहे का? मंग दहाले ऑफिसात येजो. दोन फोटो आणजो." मग साहेबांकडे पाहून म्हणाल्या, "चाल रे, गाडी काढ."

साहेब उठले आणि गाडी काढायला गेले.

बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्या वाचतील, मग घरी येतील, आणि जाताना पुन्हा एक वाटी घेऊन जातील.

कारण वाटी ही त्यांची कामाची पद्धत होती. कुठल्याही घरातून त्या काहीतरी उसनं घेतल्याशिवाय निघत नसत. चटणी, लोणचं, मूठभर वाळलेल्या मिरच्या, काहीही, पण वाटीत. वाटी परत करायला पुन्हा जावं लागतं, आणि आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. त्यात काहीतरी घालून न्यायचं, आत बसायचं, चहा घ्यायचा. "इम्यासाठी गेली तं दारातूनच वापस पाठवते लोक," त्या म्हणत. "वाटी द्याले आली म्हटलं का सिध्या चुलीपाशी." आपल्या हाताखालच्या सगळ्या बायकांना त्यांनी हाच पहिला धडा दिला होता. बायकोचं एजंट म्हणून काम सुरू झालं आणि दोन महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात आमची स्वतःची वाटी उरली नाही. मी वरण कोणा सौ. कुसुमच्या वाटीत खायचो, ताक कोणा सौ. पुष्पाच्या. भांड्यांवर नावं कोरलेली असतात, त्यामुळे परक्या बायकांच्या नावांशी माझा परिचय त्या वर्षी फार वाढला. बायकोने त्यासाठी एक वही केली होती. कोणाची वाटी, कधी आणली, त्या घरात कोण कोण आहे, कोणाचे गुडघे दुखतात. मी ती वही एकदा नीट रकाने आखून देऊ केली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

बाई एजंट म्हणून फक्त बायकांनाच घेत. त्यांना त्या पोरी म्हणत, मग ती पोरगी पन्नाशीची का असेना. साहजिकच पोरींचे नवरे जावई झाले. "माहे चाळीस जावाई आहे," त्या ऑफिसात सगळ्यांसमोर सांगत. "एक कामाचा नाई." जावयांना मान मात्र पुरेपूर. मी बायकोला सोडायला ऑफिसात गेलो की त्या उठून उभ्या राहत. "या जावाईबापू. बसा. पाणी घ्या. आता उठा, अन् आपल्या कामाले लागा." या सगळ्या गोष्टी साधारण अर्ध्या मिनिटात होत.

मरणाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. विम्याच्या धंद्यात हे अवघडच. पण त्या म्हणत, "समजा, यायले एक दिवस उशीर झाला. बाजारातून आलेच नाई. मंग?" समोरची बाई चूल सोडून त्यांच्याकडे पाहू लागे. कोणाच्याच घरी ही भाषा कळली नाही असं झालं नाही. मला मात्र सुरुवातीला कळली नव्हती. बाईंनी मला विचारलं, "जावाई, तुमाले उशीर झाला तं?" मी म्हणालो, "मी साडेपाचला घरी येतोच."

आणखी एक त्यांची खोड. नवऱ्याने बायकोच्या वतीने उत्तर दिलं की त्या ते ऐकूच येत नसल्यासारखं करत. मी म्हणायचो, "ती बरी आहे." त्या तिच्याकडे पाहून म्हणायच्या, "कशी आहे वं?" मी म्हणायचो, "तिच्या या महिन्यात दोन पॉलिसी झाल्या." त्या तिला विचारायच्या, "किती झाल्या?" मला वाटायचं, बाईंना एका कानाने कमी ऐकू येतं. मी बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "हो. तुमच्या बाजूच्या."

आता खर्ऱ्याची गोष्ट.

पहिल्या वर्षात बारा पॉलिसी झाल्या नाहीत तर एजन्सी जाते, असा नियम होता. बायकोच्या अकरा झाल्या होत्या आणि वर्ष संपायला पाच दिवस उरले होते. ती त्या दिवसांत फार बोलत नसे. लग्नाआधी बी. ए. झालेली बाई, लग्नानंतर वीस वर्षं सगळीकडे माझी बायको म्हणून ओळखली गेली. त्या वर्षी पहिल्यांदा दारात येऊन लोक तिचं नाव घेऊन विचारत होते. एकदा तर पोस्टमनने मला विचारलं, "मॅडम आहेत का?" मी हो म्हणालो आणि बाजूला झालो. एजन्सी गेली असती तर ती काही बोलली नसती. वाट्या परत केल्या असत्या, वही माळ्यावर टाकली असती, बस्स. तेच मला बघवत नव्हतं. त्यात तिला ताप आला.

म्हणून मी मदत करायचं ठरवलं.

हिंगणीला माझा चुलतभाऊ आहे, नथ्थूदादा. वांगी, मिरची, मेथी लावतो. वहिनी सेलूच्या बाजारात नेऊन विकतात. दादाची पॉलिसी ही बायकोची बारावी व्हायची होती. बोलणं तिने केलं होतं, फक्त फॉर्म भरायचा राहिला होता. मी म्हणालो, "तू पडून राहा. भाऊ माझा आहे आणि फॉर्म भरणं हा माझा धंदा आहे." रकाना रिकामा दिसला की मला चैन पडत नाही, हे खरंच आहे.

मोटरसायकल काढून गेलो. अंगणात बाजेवर बसलो. दादाने पन्नी काढली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून होतो तो खर्रा. आमच्याकडे तो पाण्याआधी देतात. दोघांनी अर्धा अर्धा तोंडात टाकला आणि फॉर्म भरायला घेतला. तोंड भरलेलं असल्यामुळे मी बोटाने रकाना दाखवायचो आणि दादा मानेने उत्तर द्यायचा. असं करत 'तंबाखूची सवय आहे काय' इथवर आलो.

दादा उठला, कुंपणापाशी जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "छ्या! आपन कुठं तंबाखू खातो? खर्रा खातो."

मला हे पटलं. आजही कधी कधी पटतं. तंबाखू खाणारा माणूस वेगळा, त्याच्या खिशात डबी असते. दारातून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यात हो लिवा." दादा म्हणाला, "तू चहा ठेव." मी त्या रकान्यात सुंदर अक्षरात 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बायकोचा ताप उतरला होता. बाई तिला बघायला घरीच आल्या. मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. बाईंनी तो वाचला नाही. नाकाला लावला. मग कोपऱ्यातला तपकिरी अंगठ्याचा ठसा पाहिला. माझा होता.

"हा मानूस खर्रा खाते," त्या म्हणाल्या.

"तसा म्हणजे..." मी सुरुवात केली. नेहमीप्रमाणे त्यांना ते ऐकू आलं नाही.

त्यांनी पिशवीत हात घालून तळातून एक वाटी काढली. जुनी, कडेला पोचा आलेली. तिच्यावर नाव होतं, सौ. शांता. बाई ती वाटी मांडीवर ठेवून बायकोला म्हणाल्या, "माही पयली पॉलिसी या बाईच्या नवऱ्याची. तो बिडी ओढे. म्या नाई लिवलं. कोनाले काय समजते, म्हटलं. अन् दोन वर्सांत त्याले उशीर झाला." थोडा वेळ त्या वाटीची कड पुसत राहिल्या. "क्लेम नाई भेटला. दवाखान्याच्या कागदात बिडी होती, माह्या कागदात नव्हती. ही वाटी तवापासून माह्यापाशी आहे. रिकामी कशी नेऊ? अन् भरू तं काय भरू?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्यावर काय होतं ते मला आठवत नाही.

बाईंनी वाटी पिशवीत ठेवली. आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "फॉर्म तुहा आहे, पोरी. दिला तं बारा. नाई दिला तं अकरा. मी काई सांगत नाई."

बायकोने मला विचारलं, "दादा रोज किती खातात?"

"चार," मी म्हणालो. आणि मग, कधी नव्हे ते, खरं बोललो. "सहा."

तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही भरला. तुम्हीच फाडा."

इतका सुवाच्य फॉर्म मी आयुष्यात दुसरा भरलेला नाही. चार तुकडे केले.

मग तिने दादाला फोन लावून सांगितलं की फॉर्म नव्याने भरावा लागेल, त्यात खर्रा लिहावा लागेल आणि हप्ता थोडा वाढेल. दादाचा आवाज मला पलंगाच्या या टोकाला ऐकू येत होता. घरची सून थोरल्या दिराला व्यसनी म्हणते, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, पुन्हा माझ्या दारात यायचं नाही, वगैरे. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "झालं. आता कशाला जायचं तिकडे?"

बायको उठली. फडताळातून एक वाटी काढली. सौ. विमल. वहिनींची होती. मागच्या महिन्यात तीत अंबाडीची चटणी आली होती.

"वाटी तं परत कराच लागन," ती म्हणाली आणि शंकरपाळे तळायला बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. मोटरसायकलवर वाटी सांडली असती. दादा अंगणातच होता. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. तिने वाटी दाखवली आणि सरळ आत गेली. वाटी परत करायला आलेल्या बाईला हिंगणीतच काय, कुठेच अडवता येत नाही. मग दादाने सगळा राग माझ्यावर काढला. मी त्याच्या बाजेवर बसलो होतो आणि तो उभा राहून बोलत होता. मी बायकोला डोक्यावर बसवलं. मी नोकरीला लागलो तेव्हाच बिघडलो. लहानपणी मी बोराच्या झाडावरून पडलो तेव्हा त्याने मला घरी आणलं होतं, ते आणायला नको होतं. काय करणार? दर वाक्याला मी म्हणत होतो, "बरोबर आहे, दादा."

वीस मिनिटांनी वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मागे बायको, हातात फॉर्म.

"मी इमा काढून राह्यली," वहिनी म्हणाल्या.

दादा थांबला. "तुले कायले पाह्यजे इमा?"

"सेलूचा बाजार कोन करते?"

दादाने खिशातली पन्नी चाचपली.

"मले उशीर झाला तं वांगे कोन विकन? तुमी? मांगच्या साली मी माहेरी गेलती तं पुरं पोतं वापस घेऊन आलते. काऊन, तं म्हने लोक भाव करते."

हे खरं होतं. बायको बाजेच्या कडेला बसली. एकेक रकाना वहिनींना वाचून दाखवू लागली. तंबाखूच्या रकान्यापाशी थांबली. "जाऊबाई, तंबाखूची सवय?"

वहिनी म्हणाल्या, "सकाळी दाताले तंबाखूचं मंजन लावतो. ते धरते का?"

"धरते."

"मंग लिव."

बायकोने लिहिलं. शेवटी नॉमिनीचं नाव आलं. दादाने नकळत बंडी नीट केली. वहिनी म्हणाल्या, "आपल्या पोरीचं लिव."

"अन् मी?" दादा म्हणाला.

"तुमी खर्रा खाता."

ती बारावी पॉलिसी. शेवटच्या दिवशी दुपारी ऑफिसात जमा झाली. बाईंनी फॉर्म नाकाला लावला, मग मंजनाचा रकाना वाचला, आणि बायकोच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तिच्या हातातला चहा माझ्या पँटवर सांडला. "जावाई," त्या म्हणाल्या, "तुमी इकडं काऊन बसले?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दादाने पुढे दोन वर्षांनी स्वतःची पॉलिसी काढली, खर्ऱ्यासकट. बायको आता वरिष्ठ एजंट आहे. तिच्या हाताखाली तिच्या स्वतःच्या अकरा पोरी आहेत. म्हणजे मी अकरा जावयांचा सासरा झालो, पण मला पाहून कोणी उठून उभं राहत नाही. मध्यंतरी शाळेतल्या एका नव्या शिक्षकाने मला विचारलं, "सर, तुम्ही मॅडमचे कोण?" मी खरं सांगितलं. त्याला माझा फार आदर वाटला.

बाई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला चाळीस जावई झाडून आले होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ड्रायव्हरचा किस्सा सांगितला, म्हणजे माझी फजिती, आणि लोक हसतील म्हणून थांबलो. पण हसायच्या ऐवजी सगळे जावई एकमेकांकडे बघू लागले. मग मागून एक जण म्हणाला, "तुमच्याकडेही?" दुसरा म्हणाला, "पांढरा शर्ट? दोन पेन?"

बाई पदराआड हसत होत्या. कार्यक्रमानंतर मी त्यांना गाठलं.

"जावाई, त्यो माहा लहान भाऊ," त्या म्हणाल्या. "शर्ट म्या घेऊन देल्ला. पेन बी. त्यातला एक चालत नव्हता. नवरे बाहेर बसून बोलते, त्यायले कोनी ऐकनारा पाह्यजे. तं मले आत वीस मिंटं भेटते."

"आणि तो सगळ्याला बरोबर आहे म्हणायचा, ते?"

"ते म्या शिकवलं. नाई म्हटलं का मानूस आत पाह्यले येते."

निघताना मी त्यांच्या पाया पडलो. पिशवी खांद्यालाच होती. तळाशी वाटी असावी. मी विचारलं नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. बायकोने गाडी घेतली आहे. ती चालवते, पण सुट्टीच्या दिवशी मी चालवतो. तिने माझ्या वाढदिवसाला मला पांढरा शर्ट आणला, कडक इस्त्रीचा. एवढ्या वर्षांनी ही आठवण ठेवते, म्हणून मला भरून आलं. त्या रविवारी आम्ही आर्वीला गेलो. कापूस आणि सोयाबीनचं चांगलं घर. गृहस्थ धावत बाहेर आले, त्यांनी माझा हात धरला, सोफ्यावर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला. बायकोला म्हणाले, "ताई, तुम्ही आत जा ना, मंडळी आहे स्वयंपाकघरात."

"बरं," म्हणून ती आत गेली.

गृहस्थ मला सांगू लागले. एजन्सी मंडळींच्या नावाने घ्यायची, काम ते स्वतः करणार. मंडळींना चार लोकांत बोलायला जमत नाही. मी खाली माझ्या शर्टाकडे पाहिलं. खिशाला दोन पेन होते. निघताना तिनेच लावले होते. त्यातला एक चालत नव्हता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर ती मांडीवर एक वाटी धरून बसली होती. वर कोणाचं तरी नाव, आत लिंबाचं लोणचं. मग तिने विचारलं, "काय काय बोलले ते?"

मी सांगितलं.

"अन् तुमी काय म्हटलं?"

"बरोबर आहे म्हणालो. सगळ्याला."

तिने वाटी दुसऱ्या हातात घेतली. "उद्या शाळेले सुट्टी आहे ना? रिकामे आहा का?" ती म्हणाली. "मंग सेलूले जाचं आहे. खर्रा घरीच ठेवजा. शर्टाले डाग पडते."